आधी चिंधी, मग लुगडं

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक ही माझी सासुरवाडी. विनोबा भाव्यांचं जन्मगाव तेच. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा इथे जन्मले, एवढं मला लग्नाआधी पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक होतं. लग्नानंतर ते रोजच्या वापरात आलं. पानात आणखी एक मोदक घ्यायला जावयाचा हात जरा पुढे झाला की सासरेबुवा म्हणतात, "घ्या, घ्या. विनोबांनी अस्वादव्रत पाळलं, पण तुम्ही घ्या." दुपारी ओटीवर जरा आडवं व्हावं तर, "पडा, पडा. विनोबा तेरा वर्षं देशभर पायी हिंडले, पण तुम्ही गाडीत बसून आलात, थकला असाल." जमिनीचा विषय तर या घरात काढायचीच सोय नाही. ज्या गावच्या माणसाने चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन लोकांकडून दानात मिळवली, त्याच गावात माझे दोन चुलत सासरे वीतभर बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचं म्हणणं मात्र एकच : "मी बांध देऊन टाकला असता हो, पण त्याने मागायला नको का?"

अशा गावात, अशा घरात, ऐन भाद्रपदात फुलं रंगवण्याचा उद्योग निघाला.

सुरुवात मेहुण्याने केली. हा मुंबईला नोकरीला आहे आणि आपल्या गावात काहीतरी धंदा काढायचा हा विचार त्याला दर सणाला येतो. दादरच्या फुलबाजारात त्याने निशिगंधाच्या निळ्या काड्या पाहिल्या. शेजारी हिरव्या होत्या, नारिंगी होत्या. पांढऱ्या तर होत्याच, आणि त्या सगळ्यांत स्वस्त होत्या. हा भावातला फरक त्याच्या डोक्यात बसला. निळी जुडी घेऊन तो दिवा-रोहा गाडीने पेणला उतरला आणि घरी येऊन त्याने ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी जुडी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारलं,

"ह्याला काय झालं?"

"झालं काही नाही, आई. रंगवलंय."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर मेहुण्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

सासरेबुवा निवृत्त विज्ञानशिक्षक. निवृत्त म्हणजे पगारातून निवृत्त, शिकवण्यातून नव्हे. त्यांनी चष्मा पुसला आणि आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं. फूल तोडलं तरी देठातल्या बारीक नळ्या तशाच उघड्या असतात. पाकळ्यांतून आणि पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्या ओढीने खालचं पाणी वर चढतं. पाण्यात रंग विरघळलेला असेल तर तोही सोबत चढतो, पाणी उडून जातं, रंग पाकळीत अडकतो. "शाळेत तेरडा लाल शाईत ठेवायचो, आठवतं का रे?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलाला आठवत नव्हतं. जावयाला आठवत होतं. त्या एका कारणासाठी माझी या उद्योगात बादली धरण्याच्या जागेवर नेमणूक झाली.

तेरड्याला गागोद्यात काय तोटा! पावसाळ्यात बांधावर, पायवाटेला, दगडी गडग्याच्या खाली तेरडाच तेरडा. भाचीने पांढुरक्या फुलांचं एक रोप मुळासकट उपटून आणलं, मुळं धुतली आणि चहाच्या काचेच्या ग्लासात लाल शाईच्या पाण्यात उभं केलं. हे दृश्य खरोखर पाहण्यासारखं असतं. तेरड्याची दांडी पाणीदार, अर्धपारदर्शक. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग दांडीच्या आत, अगदी तळाशी, तांबड्या रेघा दिसू लागतात. सगळी दांडी रंगत नाही, फक्त रेघा. त्या वर सरकतात, पेराशी येऊन जरा घोटाळतात, तिथून एक फाटा पानात घुसतो. पानाची मधली शीर लाल होते, मग तिच्या फांद्या. फुलाची पाळी सगळ्यांत शेवटी येते, कारण पानं वाटेतच आपला वाटा उचलतात. आणि फुलातही रंग आधी दिसतो तो पाकळीच्या काठाला, जिथून पाणी उडतं तिथे. काठ गुलाबी, मध्ये शिरांची जाळी, बाकी पाकळी होती तशीच. भाची तोंड उघडं टाकून बघत होती. मीही.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "गुलाबी तेरडा मागच्या गडग्याला ढीगभर आहे. तो आणला असता."

यापुढची हकिकत समजण्यासाठी विनोबांच्या वडिलांची ओळख करून घ्यावी लागते. नरहरराव भावे बडोद्याला नोकरीला होते आणि रंगांचं रसायन हा त्यांचा ध्यास होता. घरी कापडाचे लहान लहान तुकडे घ्यायचे, वेगवेगळे रंग द्यायचे, कोणता टिकतो, कोणता उडतो, ते बघायचं. विनोबांनी आठवणींत सांगितलं आहे की आई, म्हणजे रुक्मिणीबाई, एकदा त्यांना म्हणाल्या, एवढ्या चिंध्या रंगवता, त्यात माझं एक लुगडं तरी रंगून झालं असतं. त्यावर नरहररावांचं उत्तर असं की प्रयोग साधला तर एक काय, डझनावारी लुगडी रंगवता येतील; पण साधेपर्यंत काम चिंधीवरच करायचं.

सासरेबुवांनी ही गोष्ट तेरड्याच्या ग्लासाशेजारी उभं राहून सांगितली आणि आमच्या घरात उभी फूट पडली. चिंधी पक्षात सासरेबुवा एकटे. लुगडं पक्षात बाकी सगळं घर.

सासूबाईंचा तर नरहररावांवर जुना राग आहे. "बाईने आयुष्यात एक लुगडं मागितलं. तेही नवं नाही, रंगवून. आणि ह्यांनी तिला प्रयोग सांगितला," असं त्या म्हणतात. विनोबा, बाळकोबा आणि शिवाजीराव हे तिघेही भाऊ जन्मभर ब्रह्मचारी राहिले, त्याचं कारण चरित्रकार वैराग्य असं देतात. सासूबाईंच्या मते घरातला तो संवाद मुलांच्या कानावर गेला असणार.

सासरेबुवांनी मात्र आपला पक्ष सोडला नाही. त्यांनी साक्षीला थेट विल्यम पर्किन उभा केला. १८५६ साली हा अठरा वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या घरी बसून डांबरातून क्विनीन काढायला निघाला होता. तेव्हा हिवतापावर तेच औषध. क्विनीन निघालंच नाही, भांड्यात काळा गाळ बसला. तो धुताना जांभळा रंग सुटला, आणि जगातला पहिला गाजलेला कृत्रिम रंग हाती आला. "पण पर्किनने काय केलं? आईचा झगा बुडवला? नाही. रेशमाचा तुकडा रंगवला आणि रंगाऱ्याकडे नमुना म्हणून पाठवला. तुकडा!" असं म्हणून त्यांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. तोवर मेहुण्याने पेणच्या बाजारातून आणलेली सगळी पांढरी शेवंती हळदीच्या पाण्याच्या बादलीत खुपसलेली होती.

हळद हा मेहुण्याचा विचार. हात पिवळे होतात, ओटा पिवळा होतो, पदर पिवळा होतो, तर शेवंती का होणार नाही? शेवंती झाली नाही. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो. देठाच्या तोंडाशी त्याचा थर बसतो आणि आत काही जात नाही. बादली पिवळी झाली, पडवीची फरशी पिवळी झाली, मांजराची शेपटी पिवळी झाली. शेवंतीचा शुभ्रपणा त्या पार्श्वभूमीवर आणखी उठून दिसायला लागला.

मग मेहुण्याच्या बायकोने बीट किसलं. बिटाचा रंग विरघळतो हे खरं, पण बिटात साखर असते आणि कोकणात भाद्रपद असतो. दुसऱ्या दिवशी बादलीला आंबूस वास, देठांना बुळबुळीत लेप आणि फुलांच्या माना खाली. पाण्यात जंतू माजले की देठाच्या नळ्या तुंबतात, हे सासरेबुवांनी समजावून सांगितलं. नाक धरून सांगितल्यामुळे ते थोडं अनुनासिक ऐकू आलं. आजेसासूबाईंनी नीळ सुचवली. पूर्वी कपड्यांना घालायची ती भुकटीची नीळ घरात एका डब्यात अजून होती. ही भुकटी म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ती रात्रभरात तळाशी जाऊन बसली. सकाळी वर स्वच्छ पाणी आणि त्यात स्वच्छ पांढरी फुलं.

अखेर यश आलं ते जिलेबीच्या रंगाला. पूर्वी कधीतरी शिऱ्यासाठी आणलेली केशरी रंगाची पुडी आणि केकसाठी आणलेली निळी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर मागे पडली होती. खाण्याचे बहुतेक कृत्रिम रंग पाण्यात पुरते विरघळतात, हा एक भाग झाला. दुसरा भाग सासरेबुवांनी फळ्यावर काढून दाखवला (हो, घरात फळा आहे). देठातल्या नळ्यांच्या भिंतींवर ऋण विद्युतभार असतो. रंगाच्या कणावर धन भार असला तर तो वाटेतच भिंतीला चिकटतो. खाण्याचे हे रंग ऋण भाराचे. भिंत त्यांना जवळ करत नाही, म्हणून ते सरळ वर जातात. "म्हणजे ज्याला वाटेत कोणी जवळ करत नाही, तोच वर पोचतो," असं म्हणून त्यांनी चुलत सासऱ्यांच्या घराकडे एक दृष्टिक्षेप टाकला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

रंग मिळाला, पण तो चढेना. याला कारण आमची हवा. पाणी वर ओढलं जातं ते वाफ उडते म्हणून, आणि पेणच्या पावसाळ्यात वाफ उडायची कुठे? हवेतच इतकं पाणी की दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे निशिगंधाने आपली वाफ टाकायची कुणाच्या घरात! स्टीफन हेल्स नावाच्या पाद्रीबुवांनी सूर्यफुलाचं रोप कुंडीसकट रोज तराजूत घालून हे पाणी उडणं मोजलं होतं आणि १७२७ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. सासरेबुवांच्या मते हेल्स गागोद्याला आला असता तर त्याचं सूर्यफूल उलट वजनाने वाढलं असतं.

यावर उपाय म्हणजे पंखा. माजघरातला टेबलफॅन उचलून पडवीत फुलांसमोर लावण्यात आला. आजेसासूबाईंना पंख्याशिवाय झोप लागत नाही. पहिल्या रात्री त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी आपली चटई उचलून पडवीत आणली आणि फुलं आणि पंखा यांच्या मधोमध अंथरली. सकाळी आजेसासूबाई ताज्या आणि फुलं फिकी. तिसऱ्या रात्री लाईट गेली, तेव्हा घरातला प्रत्येक जण पाळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होता. कुणाला म्हणून काय विचारता? निशिगंधाला.

त्या अंधारात सासरेबुवांनी जगदीशचंद्र बोस काढले. झाडात पाणी वर कसं चढतं यावर बोसांनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की खोडातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि पाणी वर ढकलतात. पुढे हे टिकलं नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्येच मांडलं होतं की ढकलणारं कोणी नाही, वरून पाणी उडतं आणि पाण्याच्या कणाला कण धरून सगळी साखळी ओढली जाते. विज्ञानाने डिक्सन-जोलींना मान दिला. सासरेबुवांचं डोकं ते मानतं, पण मन बोसांकडे आहे. "धडधडत असेलही थोडंसं," असं ते हळूच म्हणाले आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला.

माझी बायको इतका वेळ या भानगडीत नव्हती. माहेरी आल्यावर ती कशातच नसते. पण फुलं रंगवणं हा आचरटपणा आहे असं सासूबाई म्हणाल्यावर तिने ऑस्कर वाइल्डचं नाव घेतलं. २० फेब्रुवारी १८९२ ला लंडनमध्ये त्याच्या 'लेडी विंडरमिअर्स फॅन' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्याने आणि त्याच्या मित्रांनी कोटाला हिरवा कार्नेशन लावला होता. हिरवा कार्नेशन तेव्हा झाडाला लागत नसे. तो पांढरा घेऊन रंगाच्या पाण्यात ठेवावा लागे. म्हणजे विनोबांच्या जन्माआधीच लंडनचे बडे लोक रंगवलेली फुलं छातीवर मिरवत होते.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्याचं पुढे बरं झालं का?"

वाइल्डचं पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे बायको गप्प बसली.

गौरी तोंडावर आल्या. आमच्या रायगडात गौर आणायची ती तेरड्याची. तेरड्याची रोपं आणायची, त्यांची जुडी बांधायची, तिला मुखवटा, साडी, दागिने. मेहुण्याच्या डोक्यात आलं की यंदाची गौर निळ्या तेरड्याची करू. निळा तेरडा रानात कुठे दिसत नाही, म्हणजे अख्खं गाव बघायला येईल, म्हणजे जाहिरात होईल. सासरेबुवा "आधी एक रोप" म्हणत होते, पण लुगडं पक्ष आता सत्तेवर होता. सगळीच्या सगळी रोपं निळ्या पाण्यात उभी राहिली.

गौरीच्या सकाळी ती बाहेर काढली. फुलं निळी झाली होती, खोटं कशाला बोलू. पण पानं जास्त निळी झाली होती. दांड्या निळ्या, शिरा निळ्या, मुळं निळी. ती जुडी वाजतगाजत घरात आणायचा मान जावयाला मिळाला, आणि जावयाच्या अंगात आहेराचा नवा पांढरा सदरा होता. ओल्या मुळांतून निळं पाणी निथळत होतं. उंबरठ्यापर्यंत येईतो फुलांपेक्षा सदरा अधिक सारखा रंगला होता, शिरांची जाळीसुद्धा न दिसता. सासरेबुवा लगबगीने पुढे आले. मला वाटलं विचारपूस करतील. त्यांनी सदऱ्याचं टोक चिमटीत धरून कापड चोळून पाहिलं.

"सुती आहे. धुतल्यावर जाईल. हे रंग रेशमाला आणि लोकरीला धरतात, सुताला नाही. रेशमी असता तर मात्र गेला नसता हो!" आणि वळून मुलाला म्हणाले, "नरहररावांना हे माहीत असणार."

पूजेला गुरुजी आले. रंगवलेलं फूल देवीला चालतं का, असं सासूबाईंनी त्यांना तोंडावरच विचारलं. गणपतीला तुळस नाही, शंकराला केवडा नाही, शिळं नको, वास घेतलेलं नको, हे सगळं पाठ असलेले गुरुजी क्षणभर थांबले. केकच्या रंगाचा उल्लेख कुठल्याच पोथीत नाही. त्यांनी निळ्या जुडीकडे पाहिलं, माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. "फुलं वाहायला हरकत नाही," ते म्हणाले, "दक्षिणेला मात्र रंग देऊ नका."

शेजारचे एक काका पेणच्या गणपतींच्या कारखान्यात रंगकामाला आहेत. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात आणि परदेशातसुद्धा जातात; त्या सगळ्यात मानाचं काम म्हणजे डोळ्यांची आखणी, आणि काकांचा हात आखणीचा. गौर बघायला तेही आले. हातात प्रसादाची वाटी घेऊन त्यांनी निळी फुलं जवळून न्याहाळली. एरवी ते कुणाला नावं ठेवत नाहीत. "शिरा दिसतायत," एवढंच बोलले. थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही रंग वरून देतो, म्हणून कुठे थांबायचं ते आमच्या हातात असतं. हा आतून येतोय. ह्याला कोण थांबवणार?" रंगांवर मी पुस्तकंबिस्तकं वाचली आहेत, पण या विषयावर इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

त्यांनीच जाता जाता आणखी एक आठवण करून दिली. विनोबांच्या लहानपणी गागोद्याच्या त्यांच्या घरी आजोबा शंभूराव गणपतीची मूर्ती चंदनाची करत. नातवंडांनी बसून चंदन उगाळायचं आणि त्या गंधाची मूर्ती व्हायची. म्हणजे या गावात सणासाठी घरचे सगळे मिळून हात माखून घेण्याची रीत जुनी आहे. फरक एवढाच की त्यांच्या हाताला चंदनाचा वास येत असेल. आमच्या हाताला बिटाचा येत होता.

खरं पाहता आपल्याकडे व्यवहार नेहमी उलटा होता. फुलाने रंग द्यायचा आणि माणसाने घ्यायचा. पळसाची फुलं उकळून रंगपंचमी खेळायची. प्राजक्ताचे केशरी देठ वेगळे काढून त्यात कापड रंगवायचं. कुसुंब्याची पाकळी पागोट्यांना रंग देत आली. आजेसासूबाईंनी लहानपणी देठं खुडून वाळवलेली आहेत. एका रुमालाच्या रंगासाठी किती देठं लागतात हे त्या हाताने दाखवतात आणि ते माप बघूनच दमायला होतं. एवढं ज्याच्याकडून आजवर घेतलं, त्याला आता आपण आपला रंग द्यायला निघालो, तोही केकचा. सासूबाईंच्या "का?" या प्रश्नात हे सगळं असावं असा मला संशय आहे.

विसर्जनाच्या दिवशी मेहुण्याने हळहळत म्हटलं, "तीन दिवसांत उडाला की गं रंग." सासूबाई गौरीची साडी घडी करत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस, हे काय मी नव्याने सांगू? गौर तिसऱ्या दिवशी जाते. चौथ्या दिवसाचा रंग हवाय कुणाला?"

इथे हा उद्योग संपला असता तर सासूबाईंचा विजय निर्विवाद झाला असता. पण मार्गशीर्ष आला. हवा कोरडी झाली, पंखा आजेसासूबाईंना परत मिळाला आणि चिंधी पक्षाने गुपचूप उठाव केला. सासरेबुवांनी निशिगंधाची एक काडी घेतली. देठ पाण्याखाली धरून तिरका कापला, म्हणजे नळीत हवेचा बुडबुडा अडकत नाही. खालची पानं काढली, म्हणजे वाटमारी थांबते. कोमट पाणी, त्यात केशरी रंग जरा दाट, आणि काडी आधी थोडा वेळ तहानलेली ठेवलेली. दुपारच्या उन्हाच्या कडेला ठेवल्यावर ती संध्याकाळपर्यंत अशी काही उतरली की सासूबाई दोनदा पडवीत येऊन गेल्या, दोन्ही वेळा झाडू शोधायला. वहीत तारीख, प्रमाण, वेळ, हवा, सगळं लिहिलं गेलं. मग दुसरी काडी, दुसरं प्रमाण. देठ उभा चिरून एक पाय निळ्यात, एक पिवळ्यात असंही झालं. सप्तरंगी गुलाब याच युक्तीने होतात. फूल निम्मं निळं, निम्मं पिवळं निघालं आणि भाचीने ते शाळेत नेऊन सगळ्या वर्गाला जळवलं.

आता खरं तर धंदा करायला हरकत नव्हती. मेहुण्याने पेणच्या एका मांडववाल्याला गाठून नमुना दाखवला. त्याने काडी हातात घेतली, मनापासून वाखाणली आणि म्हणाला, "पण दादरला तयार मिळतात की ह्या, दादा. तुम्ही घरच्यांना कशाला वेठीला धरता?" मेहुणा सध्या पांढऱ्या कांद्याच्या विचारात आहे.

फुलं रंगवणं मात्र थांबलेलं नाही. धंद्याचा प्रश्न सुटल्यामुळे घर मोकळं झालं आहे. आता कोणी पाहुणा आला की सासरेबुवा वही काढतात, आजेसासूबाई केशरी मागतात, मेहुण्याची बायको हिरव्याला हट्टाने नाही म्हणते आणि मी बादली धरतो. सासूबाई अजून विरोधी पक्षातच आहेत, पण मागच्या खेपेला त्यांच्या अंबाड्यात निशिगंधाचं एक फूल होतं. पांढरंच होतं. काठाला किंचित केशरी होतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही, आणि तुम्हीही तिकडे गेलात तर बोलू नका.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर पावसाळा टाळा आणि खाण्याचा रंग वापरा. रंगवलेली फुलं ताटात किंवा गोडावर सजवायला घेऊ नका. देठाला शेतातली काय काय औषधं लागलेली असतात ते आपल्याला दिसत नाही. निशिगंध, शेवंती, पांढरा गुलाब, काहीही घ्या, पण आधी एकच काडी. तगरीच्या नादी लागू नका. तिचा चीक देठाचं तोंड बंद करतो; ती रंगत नाही.